नंबर माझा, नाव तुझं

मु. सोनगव्हाण, ता. बाळापूर
४ ऑगस्ट २०२५

चि. देवीदास,

आशीर्वाद लिहिते. मोठ्या बहिणीनं पत्राची सुरुवात तशीच करायची असते. मनातून किती दिले आहेत ते पुढे वाचून तूच ठरव.

पावणेतीन वर्षं झाली, तू बोलत नाहीस, मीही बोलत नाही. फोन करून तुझं ते कोरडं "हॅलो" ऐकायची माझी तयारी नाही, म्हणून पोस्टानं लिहिते आहे. काम माझं आहे. पण घोळ तुझा आहे, म्हणून विनंती वगैरे करणार नाही.

मी मोबाईल घेतला. बोटानं सरकवायचा, मोठा. फुलांचा भाव आता अकोल्याचा व्यापारी रोज सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो आणि तो येतो तुझ्या भाऊजींच्या फोनवर. भाऊजी फोन खिशात घालतात आणि पारावर जाऊन बसतात. मी झेंडू तोडून, पोती भरून, गाडीत चढवल्यावर मला कळतं की आज झेंडू कोणी विचारत नाही, शेवंती पाठवायला हवी होती. रोपं मी लावते, निंदण मी करते, तोडते मी. आणि भाव ह्यांच्या खिशात!

मी म्हटलं, मला माझा फोन पाहिजे. तर म्हणाले, "तुले काय कराचा? माह्याच फोनवर पाहत जा ना."

मी म्हटलं, "तुमची बनियन घालतो का मी? मंग फोन कावून तुमचा वापरू?"

दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलो. दुकानाच्या बाहेर चार कंपन्यांच्या चार पाट्या, चारही देशात नंबर एक. मग दोन नंबरला कोण आहे, ते कोणी सांगेना. आत गेलो तर मालक माझ्याकडे पाहीचना. "साहेब, मावशीसाठी बटणवाला देऊ का? साधा, सोपा." साहेब म्हणजे तुझे भाऊजी, ज्यांना अजून फोटो कुठे जातात ते सापडत नाही. मी म्हटलं, फोन मला घ्यायचा आहे, मला दाखव. तर तो कॅमेरा दाखवू लागला. चेहरा गोरा कसा दिसतो ते दाखवू लागला. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, गोरी होऊन कोणाला दाखवू?

मी विचारलं, "उन्हात दिसते का यात?"

"हो मावशी, फुल ब्राइटनेस आहे."

"मंग बाहेर नेऊन पाहू दे."

"बाहेर नाही नेता येत."

दुकानातल्या उजेडात फोन घ्यायचा आणि शेतातल्या उन्हात वापरायचा, हा कुठला न्याय? तिथं करिश्मा नावाची एक पोरगी काम करते. ती उठली, चार फोन हातात घेतले आणि मालकाला म्हणाली, "मी जातो त्याइच्या संग." रस्त्यावर उन्हात उभं राहून आम्ही चारही पाहिले. दोन तर आरशासारखे, माझंच तोंड दिसे. मग मी बोट लावून पाहिलं. झेंडूच्या चिकानं माझी बोटं कशी झाली आहेत ते तुला माहीत आहे. एका फोनला माझं बोट कळेचना. राहिलेला घेतला. आवाज मोठा, चार्जिंग दोन दिवस, आणि आपली मराठी अक्षरं ठसठशीत.

आता कंपनी. करिश्मानं सांगितलं, "मावशी, पाट्यांवर जाऊ नका. तुमच्या वावरात ज्याची रेंज, थो नंबर एक." मला पटलं. घरी येऊन मी शेजारच्या मायाचा फोन मागितला, समोरच्या घरच्या शेषरावांचा मागितला आणि माझा जुना बटणवाला घेतला. तिन्ही पदरात बांधून आख्खं वावर फिरले. शेताच्या कडेला धुऱ्यावर उभी राहिले, विहिरीवर, आणि नाल्याकडच्या खोलगटात, जिथं माझी शेवंती आहे. आमच्या जुन्या कंपनीची धुऱ्यावर रेंजची एक काडी, विहिरीपासून पुढे काही नाही. मायाच्या कंपनीची विहिरीवर एक, खोलगटात नाही. शेषरावांच्या कंपनीच्या मात्र खोलगटातसुद्धा दोन काड्या. मी तिथून तुझ्या भाऊजींना फोन लावला, तर लागला! कॅलेंडरच्या मागं सगळं लिहून ठेवलं आहे, वार आणि वेळेसकट.

हे तुला मुद्दाम सांगते आहे. ज्या खोलगटात माझ्या कंपनीची एक काडी नाही, तिथंच मी त्या दिवशी होते. ३ नोव्हेंबरला, आपली माय गेली तेव्हा. तू अकरा वेळा फोन लावला म्हणतोस, मला एकही लागला नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी धावत अमरावतीला आले, तेव्हा मायची राख झाली होती आणि तू सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणालास, "फोन बंद करून बसली होती, आता कावून आली?" ते वाक्य मी विसरले नाही.

असो. जुना नंबर ठेवून शेषरावांच्या कंपनीत जायचं म्हणून मी आणि करिश्मा बसलो. तिनं माझं आधार घेतलं, काहीतरी दाबलं आणि म्हणाली, "मावशी, हा नंबर तुमच्या नावावर नाही. देवीदास उत्तमराव कोण?"

मी म्हटलं, "माहा भाऊ होय. पण नंबर माहा होय."

"कंपनीच्या लेखी नंबर त्याइचा होय."

मग आठवलं. २०११ साली नांदगावच्या बसस्टँडसमोर तूच सिम घेऊन दिलंस. माझे कागद जवळ नव्हते, तू तुझे दिलेस. तेव्हा मी केवढी खूश झाले होते! चौदा वर्षं तो नंबर मी चालवला, आणि आज माझ्याच फोनसाठी मला तुझी परवानगी पाहिजे. नाव बदलायला आपण दोघांनी कंपनीच्या अकोल्याच्या ऑफिसात जायचं, आधार न्यायचं, अंगठा द्यायचा.

तर ये. उपकार करू नकोस, अंगठा दे आणि परत जा. गणपतीच्या आत ये.

तुझी ताई,
सत्यभामा

*

सोनगव्हाण
२१ ऑगस्ट २०२५

देवीदास,

आज चिरंजीव लिहिलं नाही, ते लक्षात घे.

तुझं पत्र मिळालं. तीन ओळी! पोस्टमननं पाकीट दिलं तेव्हा हातात काही लागेचना. "ताई, अंगठा द्यायले येतो. पण आधी लिहून पाठव का त्या दिवशी फोन तू मुद्दाम बंद ठेवला होता." खाली सही. बहिणीला लिहिलंस की तलाठ्याला?

नाही लिहून देणार. फोन बंद नव्हता.

तू ज्या ज्या वेळी लावला, तेव्हा कंपनीची बाई काय म्हणाली असेल ते मला पाठ आहे. मीच या खोलगटात उभी राहून मायाला माझा नंबर लावायला लावला. ती बाई म्हणते, आपण ज्यांना फोन लावला आहे तो बंद आहे किंवा कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. किंवा! तिनं दोन गोष्टी सांगितल्या, तू एकच ऐकलीस. दहा वेळा ऐकूनही तुला ते "किंवा" ऐकू आलं नाही. का, तर तुला राग धरायचा होता. भाऊबीजेला मी तुझ्या बायकोला, आरतीला बोलले होते ना, "मायले वाळवली तुमी." ते तू मनात ठेवलंस.

बरं, ते बोलायला नको होतं. पण माय खरंच वाळली होती.

आणि विचार कर. तुझ्या भाऊजींचा फोन तेव्हा दुरुस्तीला टाकलेला. दुपारी एकला माय गेली, पाचपर्यंत तू फोन लावलेस. मग "थांबू नका" म्हणालास आणि उजेड आहे तोवर उरकून टाकलंस. मी साडेसहाला घरी आले, दारातच फोन टुणटुण वाजायला लागला. तुझे एवढे फोन कशाला म्हणून परत लावला, तर आरतीनं उचलला आणि रडायलाच लागली. मायचं तोंड मला पाहायला मिळालं नाही, देवीदास. तू एखाद्या माणसाला गाडीवर पाठवलं असतंस तर? बाळापूरच्या ठाण्यात फोन केला असतास तर? तुला माझा एक फोन माहीत, तो लागला नाही, म्हणजे बहीण मेली?

तुझे भाऊजी म्हणतात, "सोड ना थो नंबर. नवा घे तुह्या नावावर, कटकट मिटली." करिश्माही तेच म्हणते. नवा नंबर दहा मिनिटांत मिळतो. व्यापाऱ्यांना कळवायला एक दिवस.

पण मी घेणार नाही. मायला लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी माझा नंबर तिला तोंडपाठ होता. दहाही आकडे. तुझा नव्हता, कारण तू घरातच होतास. भाजीच्या टोपलीजवळ बसून ती ते आकडे गुणगुणायची, तूही ऐकलं असशील. तिला पाठ असलेला नंबर तुझ्या हट्टापायी मी सोडून देऊ?

लिहून काही देणार नाही. आणि अंगठा द्यायला तू येशील.

सत्यभामा

*

सोनगव्हाण
१ सप्टेंबर २०२५

चि. देवीदास,

आज घरोघर महालक्ष्म्या बसल्या आहेत. फुलं सगळी गेली, हात रिकामे आहेत, म्हणून लिहायला बसले. सकाळपासून दोन कागद फाडले.

आरतीचा फोन आला होता, मायाच्या फोनवर. तुला माहीत नाही. तिच्यावर रागावू नकोस, नाहीतर मी तिथं येऊन रागावेन.

आधी माझं सांगते. मागच्या पत्रात मी "दहा वेळा" लिहिलं. पहिल्या पत्रात अकरा लिहिलं होतं. तुझ्या ध्यानात आलं की नाही, कोण जाणे. पोस्टात टाकल्यावर माझ्या ध्यानात आलं.

एक लागला होता.

सकाळी नऊ-सव्वानऊला. मी घरीच होते, ओट्यावर टोपल्या मांडत होते. फोन वाजला, तुझं नाव दिसलं. भाऊबीजेला तू मला गाडीपर्यंत सोडायलाही आला नव्हतास, तो राग होता. दोनदा वाजू दिला आणि तोडला. मनात म्हटलं, राहू दे थोडी वाट पाहत. मग वावरात गेले. बंद केला नाही, शपथेवर सांगते. बंद करायचं मनातही आलं नाही. फोन कमरेलाच होता, दिवसभर. पण तो एक मी तोडला. हे मी तुझ्या भाऊजींनाही आजवर सांगितलं नाही. पावणेतीन वर्षं मी "रेंज नव्हती, रेंज नव्हती" म्हणत सगळ्यांशी भांडले. ते खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं.

तरी मला वाटत होतं की मी तुझा फोन तोडला. आरतीनं सांगितलं, तो तुझा नव्हता.

ती म्हणाली, "ताई, हे आंघोळीले गेलते. आईनं मले म्हटलं, सत्यभामेले लाव. मी म्हटलं नंबर शोधतो, तं म्हणे शोधू नोको, मी सांगतो. त्या आकडे सांगत गेल्या, मी दाबत गेली."

मी विचारलं, काय बोलायचं होतं तिला? काही दुखत होतं का?

"नाई वं ताई. शेवंतीले कळ्या आल्या का, एवढंच इचारायचं होतं."

मग आरतीच म्हणाली, "फोन तुटला तवा आई म्हणे, कामात असन पोरगी. अन् आडव्या झाल्या."

देवीदास, हे तुला माहीत होतं. आरतीनं तुला त्याच दिवशी सांगितलं होतं. म्हणून तू "मुद्दाम" लिहितोस. तुला वाटलं, हिनं तोडला आणि मग बंदच करून टाकला. पहिलं खरं आहे, दुसरं नाही.

पण मला राग याचा येतो, की एवढ्या लोकांसमोर तू मला बोललास आणि हे एक बोलला नाहीस. तेव्हाच का नाही म्हणालास, तो फोन मायचा होता म्हणून? आरती म्हणते, तुझ्या ओठापर्यंत आलं होतं. तू तिला म्हणालास, "हे सांगतलं तं ताई मरन." मला एका हातानं मारायचं आणि दुसऱ्या हातानं झाकायचं, असं कोणी करतं का? दोन्हीपैकी एक करायचं होतंस. मी भांडले असते, नाहीतर रडले असते. ही पावणेतीन वर्षं तरी वाचली असती.

तू मागितलंस ते लिहून देत नाही. जे झालं ते लिहून दिलं आहे. आता यायचं तर ये.

ताई

*

सोनगव्हाण
१८ सप्टेंबर २०२५

चि. देवीदास,

अनेक आशीर्वाद.

परवा मायच्या पित्तराला आपण भेटलो, त्याआधी अकोल्यातही भेटलो. मग पत्र कशाला, असं तू म्हणशील. तुला तुझं तेवढं आठवतं आणि मला माझं, म्हणून लिहून ठेवते.

अकोल्याला कंपनीच्या ऑफिसात तू माझ्या आधी येऊन बसला होतास. केस किती पिकले रे तुझे! मीही येऊन बसले. मध्ये एक खुर्ची रिकामी. काउंटरवरच्या पोरानं विचारलं, "नातं?" तू एकदम म्हणालास, "मोठी बहीण." मोठी कशाला म्हणालास? त्याच्या फॉर्मात नुसतं बहीण लिहायला जागा होती.

तुझा अंगठा मशीननं पहिल्या दमात घेतला. माझा घेईना. उजवा, डावा, परत उजवा. त्या पोरानं बोटं पुसायला रुमाल दिला, पाणी दिलं, मग म्हणाला, "आजी, रेषाच नाहीत हो." चाळीस वर्षं खुरपं धरून रेषा गेल्या, तर मी मीच आहे हे सिद्ध कसं करू? तो म्हणाला, काकांच्याच नावावर राहू द्या ना, काय फरक पडतो. माझं तोंड उघडण्याआधी तूच उठलास. "कावून राहू द्या? नंबर तिचा होय. तिच्याच नावावर झाला पायजे. दुसरी काय तजवीज आहे थे सांगा." आख्खं ऑफिस पाहायला लागलं. मग त्यानं चेहऱ्याचा फोटो काढून ते काम केलं. म्हणजे होत होतं! आधीच का नाही केलं?

खरं सांगू, तू त्याच्यावर ओरडलास तेव्हा मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी आपण दोघं एकाच माणसावर रागावलो होतो.

तिथून तू सरळ अमरावतीची गाडी धरशील असं वाटलं होतं. तू म्हणालास, "वावर दाखव." आपण खोलगटात उतरलो. तू तुझा फोन काढून उभा राहिलास. तुझीही माझ्या जुन्याच कंपनीची सेवा, एक काडी नाही. मग हात वर केलास, पुढे गेलास, मागे आलास. किती वेळ फिरत होतास ते तुला कळलं नसेल. शेवटी धुऱ्यावर बसलास आणि म्हणालास, "इथंच होती तू?" मी म्हटलं, हाव. "दिवसभर?" हाव. मग तू टोपीनं तोंड पुसलंस. घाम नव्हता, आभाळ होतं त्या दिवशी.

मी म्हटलं, लोकांसमोर बोललास, लोकांसमोर परत घे. तू म्हणालास, पित्तराला ये.

मी आले. मामा-मामी नांदगावहून आलेले, तुझे शेजारी, आरतीचे माहेरचे, सगळे तेच लोक. पानं मांडली. कावळा शिवला. लोक बसले. तू वाढता वाढता, कढीचं भांडं हातात घेऊन, खाली पाहत म्हणालास, "ताईच्या वावरात रेंजच नाई. मी पाहून आलो. तवा माहं चुकलं." एवढंच. तेही असं पुटपुटलास की मामाला ऐकू गेलं नाही. त्यानं विचारलं, "काय म्हनते हा? कढीत मीठ नाई म्हनते का?" तेव्हा मला बोलताना तुझा आवाज दाराबाहेर रस्त्यापर्यंत गेला होता आणि परत घेताना शेजारच्या पानापर्यंत जाईना. मला अस्सा राग आला!

म्हणून मी उभी राहिले. तुला वाटलं असेल, ही आता भांडते. मलाही तसंच वाटत होतं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच निघालं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "दहा फोन लागले नाई, थे खरं हाये. एक लागला होता, थो मी तोडला. थो मायचा होता." आरती दारात उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. तुझे भाऊजी माझ्याकडे पाहतच राहिले. त्यांनी ते पहिल्यांदाच ऐकलं. घरी येईपर्यंत गाडीत माझी पिशवी त्यांनीच धरली.

मग मामी म्हणाली, "बस वं बाई. अन्न निवून राहिलं."

मी बसले. तू कढीचं भांडं खाली ठेवलंस, आत गेलास आणि मायला आवडायचे ते उडदाचे वडे घेऊन आलास. मामाला वाढायचं सोडून आधी माझ्या पानात दोन टाकलेस, मग आणखी एक. मी हातानं पान झाकलं, तरी टाकलास.

माझा राग गेलेला नाही. तू मला तिचं तोंड पाहू दिलं नाहीस, ते मी विसरणार नाही. मी तिचा आवाज ऐकला नाही, तेही विसरणार नाही. पण तिन्ही वडे मी खाल्ले, देवीदास. मीठ बरोबर होतं.

तुझी ताई,
सत्यभामा